वार्ताहराची खुर्ची

दरवर्षी ६ जानेवारीला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’चा पहिला अंक काढला त्या दिवसाचे औचित्य साधून, तालुक्याच्या गावी पत्रकार दिनाचा समारंभ होतो. मराठीचे प्राध्यापक म्हणून आम्हा दोघांपैकी एकाला तरी व्यासपीठावर बसणे भाग पडते. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल, आणि मग प्रमुख पाहुण्यांचे भाषण. या भाषणात महाभारतातला संजय आल्यावाचून राहत नाही. जगातला पहिला पत्रकार संजय आणि पहिले थेट प्रक्षेपणही त्याचेच, हे विधान आम्ही इतक्या मुखांतून ऐकले आहे की आता ते येण्याआधीच आमचे हात टाळीसाठी सरसावतात. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो दूरदर्शनवरील मालिकेतला संजय : राजवाड्यात धृतराष्ट्राशेजारी बसलेला, दिव्यदृष्टी लाभलेला, अंगाला धुळीचा कणही न लागलेला.

मूळ ग्रंथ वाचणाऱ्याला मात्र निराळाच संजय भेटतो. हा संजय रणभूमीवर जातो. दहाव्या दिवशी भीष्म पडल्यावर तो तेथून परत येतो, धृतराष्ट्राला आधी ती एकच बातमी देतो आणि मग मागचे सारे वर्तन क्रमाने सांगतो. शल्यपर्वात तर तो सात्यकीच्या हाती सापडतो आणि ठार होण्याच्या बेतात असताना व्यासांच्या शब्दाखातर सुटतो. दिव्यदृष्टी असूनही त्याला जावे लागले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. भाषणे करणाऱ्यांना ती वाटत नाही. असो.

हे सारे आठवण्याचे निमित्त वेगळेच घडले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रसारमाध्यमांविषयीची अभ्यासपत्रिका शिकवताना आम्ही मुलांना एकेका पत्रकारावर टिपण सादर करायला सांगितले होते. एका विद्यार्थिनीने राजदीप सरदेसाई निवडले. टिपण कष्टाने तयार केलेले होते, सोबत पडद्यावर दाखवायला पंधरावीस छायाचित्रेही होती. त्या साऱ्या छायाचित्रांत सरदेसाई स्टुडिओत होते. कोट, टाय, मागे निळा-लाल प्रकाश, समोर काचेचे मेज. एकाही छायाचित्रात ते रस्त्यावर नव्हते. आम्ही वर्गाला विचारले, या क्षेत्रात गेलात तर काय व्हायला आवडेल? बहुतेकांनी ‘अँकर’ असे उत्तर दिले. दोघातिघांना स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढायचे होते. वार्ताहर कोणालाच व्हायचे नव्हते. एका मुलाने तर सरळ सांगितले, “सर, तो तर गावातच असतो.”

सरदेसाईंची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. भारतातल्या खाजगी दूरचित्रवाणी बातम्यांचे वय आणि त्यांचे त्या माध्यमातले वय जवळजवळ सारखेच भरेल. १९६५ साली त्यांचा जन्म झाला. वडील दिलीप सरदेसाई मडगावचे. पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यातून मुंबईला येऊन ते कसोटीपटू झाले आणि १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा काढल्या. आमच्या वडिलांच्या पिढीला ‘सरदेसाई’ म्हटले की अजून तेच आठवतात. मुलाचे शिक्षण मुंबईत झेवियर्समध्ये, पुढे ऑक्सफर्डला कायदा, तेथे विद्यापीठाच्या संघातून क्रिकेट, परत आल्यावर थोडे दिवस वकिली. १९८८ मध्ये ते टाइम्स ऑफ इंडियात दाखल झाले आणि तरुण वयातच मुंबई आवृत्तीचे शहर संपादक झाले. १९९२-९३ च्या दंगलीतली मुंबई त्यांनी वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून पाहिली. १९९४ मध्ये ते एनडीटीव्हीत गेले. त्या वेळी दूरचित्रवाणीवर राजकारणाचे वार्तांकन म्हणजे काय असते हे ठरायचे होते. ते ज्या थोड्या लोकांनी ठरवले त्यांत सरदेसाई एक होत.

आमच्या पिढीला हा काळ आठवतो. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि सातच्या मराठी बातम्या हा आमच्या लहानपणाचा घरगुती विधी होता. प्रदीप भिडे यांचा आवाज सुरू झाला की आजोबा पोरांना गप्प करीत. त्या बातम्या वाचल्या जात. कोणी कोठे जाऊन काही पाहून आले आहे असे त्यांत क्वचितच जाणवे. मंत्र्यांनी उद्घाटन केले, मंत्री म्हणाले, मंत्री रवाना झाले. पुढे १९९८ ते २००३ या काळात स्टार न्यूजसाठी एनडीटीव्ही बातम्या तयार करीत असे, तेव्हा पहिल्यांदा आम्ही एका माणसाला हातात माईक घेऊन सभेच्या गर्दीत धक्के खाताना, उमेदवाराच्या गाडीत मागच्या आसनावरून त्याला आडवे प्रश्न विचारताना, पावसात भिजत मतदान केंद्राबाहेर उभा असताना पाहिले. इंग्रजी आम्हाला अर्धेमुर्धे कळे. पण हा माणूस जागेवर आहे, एवढे भाषेवाचून कळत होते.

२००२ च्या गुजरातमधील हिंसाचाराच्या वेळी आम्ही दोघेही कोल्हापूरला विद्यापीठात एम. ए. करीत होतो. वसतिगृहाच्या मेसमध्ये एक दूरचित्रवाणी संच होता आणि त्यासमोर रोज रात्री भांडणे होत. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी अहमदाबादेतून जे दाखवीत होते ते खरे की रंगवलेले, दंगलग्रस्तांचा धर्म सांगावा की सांगू नये, यावर ताटे तशीच ठेवून वाद चालत. मुद्दा असा की वाद घालण्याजोगे काहीतरी आमच्यासमोर येत होते. जळालेले घर दिसत होते, त्या घरासमोर उभा राहून बोलणारा माणूस दिसत होता, आणि त्याचे नाव आम्हाला माहीत होते. त्यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांनाही ‘तू तेथे होतास का?’ असे त्यांना विचारता येत नव्हते.

आता पुढचा भाग. चांगला बातमीदार वर चढतो म्हणजे काय होते? मराठी वृत्तपत्रांत पूर्वी एक उतरंड असे : ‘आमच्या वार्ताहराकडून’, मग ‘प्रतिनिधी’, मग ‘विशेष प्रतिनिधी’. विशेष प्रतिनिधी झाला तरी तो बातमीदारच राही. गाठीभेटी, मंत्रालयातल्या कॉरिडॉरमधल्या गप्पा, दौरे चालूच असत. दूरचित्रवाणीने या जिन्याची दिशा बदलली. येथे ज्याने रस्त्यावर नाव कमावले त्याला बक्षीस म्हणून स्टुडिओत आणून बसवतात, कारण त्याचा चेहरा आता ओळखीचा झालेला असतो आणि ओळखीचा चेहरा रोज रात्री ठरावीक वेळी दिसला पाहिजे. सरदेसाई एनडीटीव्हीत असतानाच ‘द बिग फाइट’ या चर्चेच्या कार्यक्रमाचे सूत्रधार झाले. २००५ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली आणि राघव बहल यांच्यासोबत सीएनएन-आयबीएन ही वाहिनी उभी केली. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्याच समूहाची आयबीएन लोकमत ही मराठी वाहिनी निखिल वागळे यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाली. वार्ताहर आता मुख्य संपादक झाला होता. एडिटर्स गिल्डचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पद्मश्रीविषयी आम्हा दोघांत मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, राजकारणाचे वार्तांकन करणाऱ्याने चालू सरकारच्या हातून कसलाच पुरस्कार घेऊ नये, मग सरकार कोणाचेही असो. दुसऱ्याचे म्हणणे, तालुक्याच्या पत्रकार दिनाला आमदारांच्या हस्ते शाल घेणाऱ्यांचे आम्ही टाळ्या वाजवून स्वागत करतो, मग दिल्लीतल्या माणसाला वेगळा न्याय कशाला? हा वाद मिटलेला नाही.

२००८ हे वर्ष येथे थांबून पाहावे लागेल, कारण त्याच वर्षी हे सारे आमच्या दारात आले. जुलैच्या २२ तारखेला लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी भाजपच्या खासदारांनी नोटांची बंडले सभागृहात आणून दाखवली. या व्यवहाराचे गुप्त चित्रण सीएनएन-आयबीएनकडे होते. वाहिनीने ते त्या दिवशी दाखवले नाही. पडताळणी पुरी झालेली नाही, ही भूमिका घेऊन चित्रफीत लोकसभा अध्यक्षांकडे दिली आणि प्रक्षेपण नंतर केले. यावरून सरदेसाईंवर टीकेचा पाऊस पडला. सरकारला वाचवले, पाय मागे घेतला, असे आरोप झाले. आमच्या मते हा निर्णय दिसतो तितका भेकड नव्हता. हातातली बातमी थोपवून धरणे हे बातमी मिळवण्याइतकेच कठीण काम आहे, विशेषतः ज्या धंद्यात शेजारचा अर्ध्या मिनिटाने पुढे गेला तरी ओरड होते तेथे. पण ज्या पक्षाशी मिळून चित्रण केले त्याच्याशी वाहिनीचे काय ठरले होते, हा प्रश्न मात्र उरतोच. बातमीदार बातमीच्या आत शिरला की त्याला बाहेर पडायला जागा राहत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी २६ नोव्हेंबर आला. मुंबईवरील हल्ल्याचे तीन दिवस सर्वच वाहिन्यांनी जे थेट दाखवले त्यावर पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्याच्या निकालात अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्या वेळी राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, १९९० पासून सतत आमचे आमदार. सर्वांचे आबा. पत्रकारांच्या गराड्यात ते हिंदीत बोलले, आणि मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडत असतात, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या तोंडून गेले. ते वाक्य रात्रंदिवस वाजत राहिले. १ डिसेंबरला आबांनी राजीनामा दिला.

त्या वाक्याचे समर्थन आम्ही करीत नाही. दीडशेहून अधिक माणसे मेली होती आणि गृहमंत्र्याच्या तोंडी ते वाक्य शोभणारे नव्हते. परंतु त्या दिवसांत तासगावच्या चौकात जे ऐकू येत होते तेही नोंदवले पाहिजे. ‘आबाला हिंदी येत नाही, त्याला कशाला बोलायला लावलं?’ असे म्हातारी माणसे म्हणत होती. हा बचाव दुबळा आहे, हे आम्हाला तेव्हाही कळत होते, आणि २०१४ च्या निवडणूक प्रचारात आबांची जीभ पुन्हा घसरली तेव्हा तर ते सांगली जिल्ह्यात, मराठीत, आपल्याच माणसांसमोर बोलत होते. प्रश्न बचावाचा नव्हताच. मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओंत त्या आठवड्यात आबांविषयी जे बोलले जात होते त्यावरून बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा माणूस कोण हे ठाऊक असावे असे वाटे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ज्याने राज्यभर नेले, ज्याने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आणली, जो साध्या शेतकऱ्याच्या घरातून आला, त्याच्या वागण्यातले गुण आणि मर्यादा एकाच मुळातून कशा आल्या, हे सांगू शकणारे बातमीदार मंत्रालयात होते. मराठी वृत्तपत्रांतल्या जुन्या मंडळींनी त्यांना जवळून पाहिले होते. त्यांना कोणी विचारले नाही. एका वाक्याची पंधरा सेकंदांची बाइट पुरेशी होती, कारण ती समोर होती आणि माणूस समोर नव्हता.

याच कारणाने स्टुडिओ आम्हाला धोकादायक वाटतो. त्यात बसणारे वाईट असतात असे नव्हे. तेथे बसून सारे सारखेच दिसते. अंजनी, अंधेरी आणि अमेठी यांच्यामधले अंतर पडद्यावरच्या चौकोनांत उरत नाही.

सरदेसाईंना हे कळत नव्हते असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या पुस्तकांत, विशेषतः २०१४ च्या निवडणुकीवर त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात, जो माणूस बोलतो तो रस्त्यावरचा बातमीदार आहे. नेत्यांच्या गाडीतले प्रवास, सभेनंतरची जेवणे, कोण कोणाशी कसे वागले, कोणी फोन उचलणे कधी बंद केले, हे सारे त्यांत आहे. मराठीत असे राजकीय लेखन थोडे झाले. आमच्याकडे नेत्याचे चरित्र लिहितात ते गौरवासाठी किंवा सूड म्हणून. बातमीदाराने वीस-पंचवीस वर्षांच्या टिपणवह्या उघडून, आपलीही चूक मधूनमधून सांगत लिहिलेले पुस्तक आम्हाला शिकवायला हवे आहे आणि ते सहजी सापडत नाही.

एक छायाचित्र मात्र आमच्या मनातून जात नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या यात्रेच्या बसमध्ये सरदेसाईंनी त्यांची मुलाखत घेतली. मुख्यमंत्री वर आसनावर, आणि मुलाखत घेणारा खाली, जवळजवळ पायांशी बसलेला. बसमध्ये जागा नसेल. कॅमेऱ्याची चौकट तशीच बसत असेल. धंद्यातली माणसे सांगतात की अशा वेळी बसायला मिळेल तेथे बसावे लागते, आणि ते खरेच आहे. तरी त्या चित्रात या देशातल्या राजकीय वार्तांकनाचे पुढचे दशक आधीच दिसते असे आम्हा दोघांनाही वाटते. येथे आमचा मतभेद नाही. त्यातल्या त्यात बरे एवढेच की ते बसमध्ये चढले होते, प्रश्न घेऊन गेले होते, आणि तो प्रश्न २००२ चाच होता. पुढे देशाच्या पंतप्रधानांना समोरासमोर बसून अडचणीचा प्रश्न विचारण्याची संधीच बातमीदारांना जवळजवळ मिळेनाशी झाली.

मे २०१४ मध्ये रिलायन्सने त्यांच्या समूहाचा ताबा घेतला आणि जुलैत सरदेसाई बाहेर पडले. निखिल वागळेही त्याच सुमारास मराठी वाहिनीतून गेले. वागळे यांच्याविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये शिवसैनिकांनी त्यांच्या वाहिनीच्या कार्यालयावर हल्ला केला होता, आणि असे हल्ले त्यांना वृत्तपत्राच्या दिवसांपासून नवे नव्हते. २०२४ मध्येही पुण्यात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. मराठी वाचकाला दोघांतला फरक ताबडतोब जाणवतो. वागळे वाद अंगावर घेतात, सरदेसाई वादाच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंना हात दाखवतात. या मधोमध उभे राहण्याला त्यांचे चाहते समतोल म्हणतात आणि विरोधक बोटचेपेपणा. आमच्यापैकी एकाला तो त्यांच्या वर्गाचा स्वभाव वाटतो : इंग्रजी शाळा, ऑक्सफर्ड, दक्षिण मुंबई, मग दिल्ली. सर्व पक्षांत मित्र आणि कोणाच्याही घरी जेवायला मोकळीक. २०१४ च्या नोव्हेंबरात गोव्याशी नाते असलेले दोन सारस्वत नेते केंद्रात मंत्री झाले तेव्हा सरदेसाईंनी जातीचा अभिमान व्यक्त करणारा मजकूर ट्विटरवर टाकला आणि त्यावरून त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. सत्यशोधकी परंपरेच्या या जिल्ह्यात त्या मजकुराचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसाच्या हातून सहज निसटलेली ओळ जास्त खरे बोलते, हे आमच्यातल्या एकाचे मत. दुसऱ्याचे मत, एका ओळीवर माणूस तोलायचा तर आबांवर झालेल्या अन्यायाची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करायची? या प्रश्नाला पहिल्याकडे उत्तर नाही, आणि म्हणून तो येथे तसाच ठेवतो.

या कारकिर्दीतल्या ठळक चुका एकत्र ठेवल्या तर त्यांत एक साम्य दिसते. २००७ मध्ये सोहराबुद्दीन प्रकरणात वाहिनीने हैदराबादच्या एका पोलीस अधिकाऱ्याचे नाव आधार नसताना गोवले. त्याबद्दल सरदेसाईंनी २०१९ मध्ये न्यायालयासमोर बिनशर्त माफी मागितली. २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रणव मुखर्जी जिवंत असताना त्यांच्या निधनाची बातमी ट्विटरवर दिली आणि लगेच क्षमा मागितली. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीत शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चात एक तरुण मरण पावला. तो पोलिसांच्या गोळीने गेला असे सरदेसाईंनी लिहिले. ट्रॅक्टर उलटल्याचे चित्रण पोलिसांनी दाखवल्यावर त्यांनी ते मागे घेतले. इंडिया टुडे समूहाने त्यांना दोन आठवडे पडद्यावरून दूर ठेवले, महिन्याचा पगार कापल्याच्या बातम्या आल्या, आणि निरनिराळ्या राज्यांत त्यांच्यावर व इतर काही जणांवर गुन्हेही दाखल झाले. अटकेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा कोठे श्वास घेता आला. चुकीबद्दल राजद्रोहासारखी कलमे लावणे हा निव्वळ सूड होता, याविषयी आम्हाला शंका नाही. पण चूक चूकच होती. २००८ मध्ये हातातली चित्रफीत थोपवून धरणारा संपादक २०२१ मध्ये कानावर आलेली गोष्ट थोपवू शकला नाही. मधल्या तेरा वर्षांत खिशातल्या फोनने प्रत्येक बातमीदाराला चालता-फिरता स्टुडिओ करून टाकले होते. जागेवर उभा असलेला माणूसही आता जागेवर नसतो. त्याचे अर्धे लक्ष पडद्यावर आपले नाव किती वेळा फिरते आहे यात असते.

२०२४ मध्ये त्यांच्या पत्नी सागरिका घोष, स्वतःही ज्येष्ठ पत्रकार, तृणमूल काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेल्या. तेव्हापासून सरदेसाईंच्या प्रत्येक प्रश्नाला ‘आधी घरचे सांगा’ हे उत्तर तयार असते. पत्नीच्या राजकारणाचा जाब पतीला विचारणे आम्हाला रुचत नाही, कारण हीच माणसे स्त्रीला स्वतंत्र मत असते हे एरवी मान्य करीत नाहीत. तथापि राजकारणाच्या वार्ताहराचे घर राजकारणात गेले की त्याच्या कामावर सावली पडते, हे प्रांजळपणे मान्य करावेच लागते.

आणि तरीही निवडणूक आली की हा साठी ओलांडलेला गृहस्थ बाहेर पडतो. गेल्या काही निवडणुकांत ‘इलेक्शन्स ऑन माय प्लेट’ नावाच्या कार्यक्रमातून गावोगावी नेत्यांबरोबर, लोकांबरोबर खातपीत, गप्पा मारीत त्याने फिरून घेतले. समीक्षकांना हा चटपटीतपणा वाटतो, आम्हालाही कधीकधी वाटला. पण त्या कार्यक्रमात त्यांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा दिसतो तो रात्री नऊच्या चर्चेत दिसत नाही. चर्चेत ते हात वर करून ‘एकेकाने बोला’ म्हणत असतात. आमच्या वर्गात गोंधळ झाला की आम्हीही तेच करतो, आणि आम्हाला ठाऊक आहे की त्या क्षणी आपण काहीही शिकवत नसतो.

तासगावात वाहिन्यांची ओबी व्हॅन किती वेळा येते? मतमोजणीला येते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अंजनीला आबांच्या अंत्यविधीला आल्या होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांग लागली होती. २०२४ मध्ये रोहित पाटील निवडून आले तेव्हा आल्या. बेदाण्याच्या सौद्यात दर पडले म्हणून कोणी आल्याचे स्मरत नाही. टेंभू आणि म्हैसाळच्या पाण्याच्या आवर्तनावर ज्या गावांचे वर्ष ठरते, ज्यावरून येथल्या साऱ्या निवडणुका लढल्या गेल्या, त्या पाण्याचे राजकारण समजून घ्यायला चार दिवस राहिलेला बातमीदारही आम्ही पाहिला नाही. ते काम येथला स्ट्रिंजर करतो. त्याला बातमीमागे मोबदला मिळतो, तोही लागली तर. गाडीचे पेट्रोल स्वतःचे. दिवाळीला पुरवणीसाठी जाहिराती गोळा कराव्या लागतात त्या वेगळ्या, आणि त्या द्यायच्या असतात ज्यांच्याविषयी बातमी करायची त्यांनीच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या दैनिकांत पैसे घेऊन छापलेल्या ‘बातम्यां’चा प्रकार पी. साईनाथ यांनी उघड केला तेव्हा देशभर खळबळ माजली. तालुक्याच्या वार्ताहराला त्यात धक्का बसण्यासारखे काही नव्हते. पत्रकार दिनाला शाल घेणारा तोच. संजयाची उपमा त्यालाच दिली जाते, आणि तो मान खाली घालून हसतो.

ज्या विद्यार्थिनीने टिपण सादर केले तिच्याआधी काही वर्षे आमच्याकडून शिकून गेलेली एक मुलगी सांगलीत एका वाहिनीसाठी असेच काम करीत होती. जत आणि आटपाडीच्या बाजूला दुचाकीवर जाऊन तिने टँकरच्या खेपांवर एक मालिका केली होती. कोणत्या गावाला कागदावर किती खेपा आणि प्रत्यक्षात किती, हे तिने वहीत मांडले होते. त्यातले दीड मिनिट दाखवले गेले. तिचा आवाज स्वच्छ, उच्चार नेटके. मुंबईहून तिला विचारणा झाली : बातम्या वाचायला येतेस का? तिने रात्री उशिरा फोन केला. “सर, इथं राहिले तर बातमीमागं पैसे, तेही तीन-तीन महिन्यांनी. तिकडं महिन्याचा पगार आहे. पण तिकडं गेले की जतला परत नाही जायला मिळणार. मॅडमना पण विचारते, तुम्ही काय म्हणता?”

वरील सर्व लेख आम्ही दोघे मनात लिहूनच बसलो होतो. भीष्म पडल्याची बातमी घेऊन परतलेला संजय, बसमध्ये खाली बसलेला वार्ताहर, अंजनीच्या रस्त्यावरच्या व्हॅन, सारे होते. तिच्या वडिलांची दीड एकर द्राक्षबाग आणि त्यावरचे सोसायटीचे कर्जही आम्हाला माहीत होते. आम्ही दोघांनीही, एकमेकांना न विचारता, तिला जा म्हणून सांगितले.

ती आता पहाटे सहाच्या बातम्या वाचते. गणपतीच्या रथोत्सवाला सुट्टी काढून आली होती तेव्हा घरी येऊन गेली. टँकरची वही तिने आमच्याकडे ठेवायला दिली आहे.